लाल ठिपका

हुपरीत आमच्या शाळेला काच आली
मार्चअखेरीस, निधी संपवायच्या घाईत.
जुना फळा दौलूमामांनी उतरवून पाण्याच्या टाकीला टेकवला,
त्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच,
माझ्या अक्षरात.

जूनमध्ये कोल्हापूरला तीन दिवस प्रशिक्षण.
चहा दोनदा, बिस्किटं एकदा.
जॅकेटातला पोरगा म्हणाला, घाबरू नका मॅडम, काही फुटत नाही.
मी दोनशे पानी वहीत उतरवून घेतलं:
एक, मागचं बटण दाबणे.
दोन, हिरवा दिवा येईपर्यंत थांबणे.
तीन – इथं मी काहीतरी खोडलं आहे.
चार, बोट टेकवून ओढणे, सोडणे.
शिरोळच्या बाईंना ओढणं-सोडणं लगेच जमलं.
माझा त्रिकोण अर्ध्या वाटेत सुटायचा
आणि पडद्याच्या मधोमध लोंबकळायचा.

माझं बोटच पटत नाही त्या काचेला.
सत्तावीस वर्षं खडू धरून टोकं गुळगुळीत झालेली,
रेशनच्या यंत्रालाही अंगठा तिसऱ्या खेपेला कळतो.
पोरं गालात हसली.
मग सन्मती उठला, शेवटच्या बाकावरचा,
ज्याचं नाव मी हजेरीपुरतं घेते.
"बाई, दाबू नगासा. नुस्तं टेकवा."
घरी आईशेजारी बसून तो घुंगरं जोडतो,
चिमट्यानं एकेक कडी, डाख लावायच्या आधी.
त्याच्या बोटाखाली त्रिकोण मुकाट चालत गेला.

शनिवारी कुणीतरी कोपऱ्यातला लाल ठिपका दाबला.
माझाच हात लागला असेल.
शाळा सुटल्यावर यंत्र बंद करताना
पडद्यानं विचारलं, जतन करायचं?
मी 'हो' दाबलं.
'नाही' कुठं असतं ते मला ठाऊक नव्हतं.

एक्केचाळीस मिनिटं.
काचेच्या वरच्या डोळ्यानं सगळा वर्ग टिपलेला,
मधूनच माझं कपाळ, भलंमोठं, टिकली सरकलेली.
आणि हा आवाज माझा? इतका घाईचा?
शेकडेवारी शिकवत होती ती बाई.
सारखं विचारायची, "समजलं का?"
आणि त्याच श्वासात, "हं, तर पुढं."
मी वहीत रेघा मारत गेले, दुधाच्या हिशेबासारख्या.
तेवीस.
तेवीस वेळा विचारलं तिनं,
थांबली एकदाही नाही.

अकराव्या "समजलं का"ला
मागच्या बाकावर एक हात कोपरापर्यंत उठला,
कान खाजवायचं निमित्त केलं,
खाली गेला.
मी मागं नेलं. एवढं आता येत होतं मला.
हात. कान. खाली.
पुन्हा मागं नेलं.
दौलूमामा कुलूप घेऊन दारात. "बाई, येळ झाला."
"आलेच, मामा."
हात उठला.

सोमवारी हिरव्या दिव्याची वाट पाहिली,
शंभराचं उदाहरण मांडलं,
म्हटलं, समजलं का?
आणि थांबले.
पंख्याला आवाज आहे हे त्या दिवशी कळलं.
पलीकडच्या गल्लीत पॉलिशच्या पिंपात
घुंगरं खळखळत होती, तीही ऐकू आली.
पोरं एकमेकांकडं बघायला लागली,
बाईंचं काही बिघडलं की काय.
पहिल्या बाकावरच्या शर्वाणीनं "हो बाई" म्हणून टाकलं,
मला सोडवायला.
मी तरी थांबले.

"बाई, शंभर धरलं ते बराबर.
पण चांदी आटवली की घट येती.
ती घट शंभरातली, का शंभराच्या भायेरची?"

भिंतभर उजळलेली काच
आणि माझ्याकडं उत्तर तयार नाही.
पुस्तकात चांदी आटत नाही कधी.
"आटवायला किती दिली होती?" मी विचारलं,
"ये, तूच लिही."
तो आला.
आधी बोट पँटला पुसलं,
मग टेकवलं.